संग्राह्य चित्रपट कशाला म्हणावे?

घरबसल्या चित्रपट पाहण्याची साधने गेल्या चार-पाच दशकांत अनेकदा बदलली. व्हिडिओ कॅसेट आली आणि गेली. लेझरडिस्क आपल्याकडे फारशी रुजलीच नाही. व्हीसीडी आणि डीव्हीडी यांनी काही वर्षे घरोघरी राज्य केले. त्यानंतर ब्लू-रे आली. इंटरनेटवरून थेट चित्रपट पाहण्याची सोय झाल्यावर तबकड्यांची दुकाने एकामागून एक बंद पडली. या पडझडीत तबकडीचा एक प्रकार मात्र टिकून राहिला, किंबहुना त्याची प्रतिष्ठा वाढली. ग्रंथाची साक्षेपी संपादित आवृत्ती काढावी, तशी काळजी घेऊन सिद्ध केलेली चित्रपटाची संग्राह्य आवृत्ती, हा तो प्रकार. मूळ निगेटिव्हवरून घेतलेले स्वच्छ चित्र, जाणकारांचे भाष्य, कलावंतांच्या मुलाखती आणि अभ्यासपूर्ण लेखांची पुस्तिका असा तिचा थाट असतो.

अशा आवृत्तीचा मान कोणत्या चित्रपटाला मिळावा? ‘जो श्रेष्ठ असेल त्याला’ हे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे. जगातील अनेक श्रेष्ठ चित्रपट आजही पुसट, ओरखडलेल्या, काटछाट झालेल्या प्रतींतूनच पाहावे लागतात आणि कित्येक तर पाहायलाही मिळत नाहीत. उलट, निव्वळ करमणुकीसाठी काढलेले काही चित्रपट अशा आवृत्त्यांतून दिमाखाने मिरवताना दिसतात. निवडीमागे गुणवत्तेखेरीज आणखीही काही गोष्टी काम करीत असतात. त्या कोणत्या, हे पाहायचे तर या परंपरेचा पाया घालणाऱ्या ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या अमेरिकी संस्थेच्या वाटचालीकडे वळावे लागते.

‘क्रायटेरियन’चा पायंडा

‘क्रायटेरियन’ची सुरुवात १९८४ साली झाली. रॉबर्ट स्टाइन, अ‍ॅलीन स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) आणि ‘किंग काँग’ (१९३३) हे दोन चित्रपट लेझरडिस्कवर आणले. ग्रामोफोनच्या मोठ्या रेकॉर्डएवढ्या आकाराच्या या तबकडीत ध्वनीसाठी एकाहून अधिक मार्गिका होत्या. त्यांपैकी एका मोकळ्या मार्गिकेचा ‘किंग काँग’साठी अभिनव उपयोग करण्यात आला. रोनाल्ड हेव्हर या चित्रपट-अभ्यासकाने चित्रपट सुरू असताना त्याच्या निर्मितीची हकीकत सांगावी आणि प्रेक्षकाने हवी तर ती ऐकावी, अशी ती योजना होती. पुढे प्रत्येक डीव्हीडीवर आढळू लागलेल्या समांतर भाष्याचा हा प्रारंभ मानला जातो.

लवकरच ‘जेनस फिल्म्स’ या वितरण संस्थेशी ‘क्रायटेरियन’चे नाते जुळले. बर्गमन, फेलिनी, कुरोसावा आदींचे चित्रपट अमेरिकी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याचे काम ‘जेनस’ १९५६ पासून करीत होती. त्यामुळे जागतिक चित्रपटांचे मोठे भांडार ‘क्रायटेरियन’ला खुले झाले. १९९८ मध्ये संस्थेने डीव्हीडी काढण्यास सुरुवात केली आणि प्रत्येक आवृत्तीच्या कण्यावर अनुक्रमांक छापला. दहा वर्षांनी, २००८ च्या अखेरीस, ब्लू-रे आणि २०२१ मध्ये फोर-के तबकड्या आल्या. २०१९ मध्ये अनुक्रमांक हजारावर पोहोचला, तेव्हा तो मान जपानच्या ‘गॉडझिला’ या महाकाय प्राण्यावरील १५ चित्रपटांच्या संचाला मिळाला. बर्गमन-फेलिनींच्या पंक्तीला रबरी पोशाखातला राक्षस बसविण्याचा हा निर्णय संस्थेची निवड समजून घेण्यास उपयोगी पडतो. चित्रपट ‘उच्च’ आहे की ‘लोकप्रिय’, यापेक्षा त्याने चित्रपटाच्या इतिहासात स्वतःची जागा निर्माण केली आहे काय, हे तेथे पाहिले गेले.

पहिली कसोटी : मूळ साहित्य

फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटाची एक वंशावळ असते. कॅमेऱ्यातून गेलेली मूळ निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि तिच्यावरून चित्रपटगृहात दाखविण्याच्या प्रिंट निघतात. प्रत्येक पिढीत चित्रातील बारकावे थोडे थोडे हरवतात. छायेतले तपशील काळवंडतात आणि उजेडातले पांढरे पडतात. यासाठीच संग्राह्य आवृत्तीचा पहिला प्रश्न असतो, मूळ निगेटिव्ह कोठे आहे?

या प्रश्नाचे मोल ‘क्रायटेरियन’च्या पहिल्याच क्रमांकाने दाखवून दिले. क्रमांक एक देण्यात आला होता ज्याँ रन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ग्रँड इल्यूजन’ (१९३७) या युद्धविरोधी चित्रपटाला. त्याची मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली, असा कित्येक वर्षे समज होता. वस्तुतः ती जर्मनांनी बर्लिनला नेली होती. बर्लिनच्या पाडावानंतर ती मॉस्कोच्या संग्रहात पोहोचली आणि १९६० च्या दशकात फ्रान्समधील तुलूज येथील संग्रहालयात परतली. तेथेही ती ओळखली न जाता तीसएक वर्षे पडून होती. तिचा शोध लागल्याचे कळताच ‘क्रायटेरियन’ने हाती असलेल्या प्रतीवरून तबकडी काढण्याचा बेत थांबविला. त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाची ‘सेव्हन सामुराई’ १९९८ मध्ये बाजारात आली, तर पहिल्या क्रमांकाला १९९९ उजाडले.

पाठ आणि पाठभेद

महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील विद्वानांनी १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. चित्रपटाला हस्तलिखितांचा प्रश्न नसतो, पण पाठभेद मात्र असतात. निर्माता लांबी कमी करतो, सेन्सॉर कात्री चालवितो, परदेशी वितरक आपल्या प्रेक्षकांसाठी शेवट बदलतो. यातील अस्सल पाठ कोणता, हे ठरविणे ही दुसरी कसोटी होय.

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’ची (१९५४) पूर्ण लांबी २०७ मिनिटांची. परदेशात मात्र अनेक वर्षे त्याच्या तोकड्या प्रतीच फिरत राहिल्या. टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’ची (१९८५) कथा आणखी बोलकी आहे. दिग्दर्शक आणि अमेरिकी स्टुडिओ यांच्यात शेवटावरून जाहीर भांडण जुंपले. स्टुडिओच्या बाजूने ९४ मिनिटांची, सुखान्त असलेली एक आवृत्ती तयार झाली, तर दिग्दर्शकाला मान्य असलेला पाठ १४२ मिनिटांचा. ‘क्रायटेरियन’ने दोन्ही पाठ एकाच संचात दिले. एकाच सामग्रीतून संकलनाच्या टेबलावर दोन परस्परविरोधी चित्रपट कसे निर्माण होतात, याचा तो वस्तुपाठच ठरला.

चौकटीचा प्रश्नही पाठाचाच प्रश्न आहे. १९५० च्या दशकापासून चित्रपटाचा पडदा रुंद झाला. दूरचित्रवाणीचा पडदा मात्र दीर्घकाळ चौरसाकडे झुकलेलाच राहिला. रुंद चित्र त्यात बसविण्यासाठी दोन्ही बाजू छाटून टाकण्याची सर्रास पद्धत होती. सिनेमास्कोप चित्रपटाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग अशा रीतीने नाहीसा होई. दोन पात्रांच्या संवादात एकाचे केवळ नाक दिसावे, असे प्रसंग येत. ‘क्रायटेरियन’ने लेझरडिस्कच्या काळातच वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून मूळ चौकट जपण्याचा आग्रह धरला. ‘टीव्हीचा अर्धा पडदा फुकट गेला’ अशी तक्रार करणाऱ्या ग्राहकांना याची सवय होण्यास बरीच वर्षे लागली. आज ती पद्धत सर्वमान्य झाली आहे.

संदर्भ आणि हक्क

तिसरी कसोटी संदर्भाची. चित्रपटाविषयी सांगण्याजोगे काही आहे काय आणि ते सांगणारे अभ्यासू लोक आहेत काय? निर्मितीची कागदपत्रे, छायाचित्रे, वगळलेली दृश्ये, तंत्रज्ञांच्या आठवणी हे सारे उपलब्ध असेल, तर आवृत्ती समृद्ध होते. अर्थात, पुरवण्यांची गर्दी म्हणजे संदर्भ नव्हे. कलावंतांनी एकमेकांची स्तुती करणारी अर्ध्या तासाची ध्वनिचित्रफीत कोणत्याही तबकडीवर सापडते. चित्रपट पुन्हा पाहण्याची इच्छा व्हावी, असे काही हाती लागले तरच पुरवणी सार्थकी लागली, असे म्हणावे.

चौथी कसोटी कलेच्या कक्षेबाहेरची आणि अनेकदा निर्णायक ठरणारी. ती म्हणजे हक्कांची. प्रकाशक संस्था बहुतेक चित्रपटांचे हक्क ठरावीक मुदतीपुरते घेते. मुदत संपली आणि मालकाने नूतनीकरण नाकारले की आवृत्ती बाजारातून नाहीशी होते. ज्या ‘ग्रँड इल्यूजन’साठी इतकी प्रतीक्षा केली, तो क्रमांक एकचा चित्रपटच २०१० मध्ये हक्कांच्या फेरवाटपात ‘क्रायटेरियन’च्या सूचीतून बाहेर पडला. मालकी वारसांमध्ये विभागलेली असेल, निर्मिती संस्था बुडालेली असेल किंवा गाण्यांचे हक्क वेगळ्याच कंपनीकडे असतील, तर श्रेष्ठ चित्रपटही वर्षानुवर्षे अडकून पडतो.

राखेतून उठलेला अपू

या चारही कसोट्या एकत्र कशा येतात, हे समजून घेण्यासाठी सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीइतके दुसरे उदाहरण नाही. ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) या तीन चित्रपटांच्या श्रेष्ठतेविषयी कधीच दुमत नव्हते. तरीही चांगली आवृत्ती निघण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

१९९२ मध्ये राय यांना जीवनगौरव ऑस्कर मिळाले. समारंभात दाखविण्यासाठी त्यांच्या चित्रपटांतील दृश्ये जमविताना अमेरिकेतील प्रतींची दुरवस्था अकादमीच्या ध्यानात आली. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी राय यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रपटांचे जतन करण्याची मोहीम सुरू झाली आणि मूळ निगेटिव्ह अकादमीकडे रवाना करण्यापूर्वी लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेत पाठविण्यात आल्या. जुलै १९९३ मध्ये तेथे भीषण आग लागली. प्रयोगशाळेतील जुनी नायट्रेट फिल्म पेटली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या निगेटिव्ह तिच्या तडाख्यात सापडल्या. जतनासाठी म्हणून घराबाहेर काढलेली वस्तू वाटेतच भस्मसात व्हावी, हा दुर्दैवाचा कळस होता.

तथापि, कोणीतरी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. जळालेले तुकडे, वितळलेली रिळे आणि वाकलेले डबे फेकून न देता ते अकादमीच्या संग्रहात पाठविण्यात आले. त्या वेळी त्यांचा काही उपयोग करता येईल असे तंत्र कोणाकडेच नव्हते. वीस वर्षे ते डबे तसेच पडून राहिले. २०१३ मध्ये ‘क्रायटेरियन’ने चित्रत्रयीचे काम हाती घेतले, तेव्हा ते उघडण्यात आले.

निगेटिव्ह इतक्या ठिसूळ झाल्या होत्या, की त्या कोणत्याही यंत्रातून जाऊ शकत नव्हत्या. त्या इटलीतील बोलोन्या येथील ‘लिम्माजिने रित्रोव्हाता’ या प्रयोगशाळेत नेण्यात आल्या. तेथील तंत्रज्ञांनी रसायनांच्या साहाय्याने फिल्ममध्ये पुन्हा ओलावा आणला, चिकटलेले थर अलग केले, वितळलेल्या चिकटपट्ट्या आणि मेणाचे डाग काढले आणि कडेची तुटलेली छिद्रे हाताने नव्याने जोडली. हे हातकाम सुमारे हजार तास चालले. शेवटी ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळविता आला. ‘अपूर संसार’ची उरलेली रिळे मात्र कामापलीकडे गेली होती. त्यासाठी आणि पहिल्या दोन चित्रपटांतील उणिवा भरून काढण्यासाठी निरनिराळ्या संग्रहांत जपलेल्या दुय्यम प्रतींचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर अनेक महिने संगणकावर एकेका चौकटीची सफाई झाली.

‘पथेर पांचाली’ सर्वप्रथम प्रदर्शित झाला तो मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात. बरोबर साठ वर्षांनी, मे २०१५ मध्ये, त्याच संग्रहालयात तिन्ही चित्रपट नव्या रूपात पडद्यावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तबकड्यांचा संच निघाला. दुर्गा आणि अपू आगगाडी पाहण्यासाठी धावतात, ते काशाच्या फुलांचे रान आता तुऱ्यातुऱ्यांनिशी दिसते. पूर्वीच्या प्रतींत तेथे नुसता पांढुरका ठिपक्यांचा पट्टा दिसे.

सफाई किती करावी?

जुन्या चित्राला उजाळा देताना एक धोका संभवतो. फिल्मच्या चित्रात रुपेरी कणांचे सूक्ष्म दाणे असतात. ते चित्राचे पोतच आहे. संगणकाने ते ‘घाण’ समजून पुसून टाकले, तर माणसांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत दिसू लागतात. मंदिराचा जीर्णोद्धार करताना जुन्या दगडी शिल्पावर ऑइलपेंट फासावा, तसलाच हा प्रकार. धूळ, ओरखडे, थरथर काढावी. दाणे राखावेत, हा या क्षेत्रातील जाणकारांचा दंडक आहे.

दिग्दर्शक हयात असेल तर प्रश्न सुटतो, असेही नाही. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाय यांच्या चित्रपटांचा संच २०२१ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी स्वतःच रंगांत फेरफार केले आणि एका चित्रपटाच्या चौकटीचे प्रमाणही बदलले. माणूस बदलतो, तशी त्याची कलाकृतीही बदलते, अशी त्यांची भूमिका होती. अनेक रसिकांना ती पटली नाही. ज्या रंगांवर एका पिढीने प्रेम केले, ते बदलण्याचा अधिकार निर्मात्यालाही आहे काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. निदान जुना पाठही सोबत द्यावा, ही रसिकांची अपेक्षा रास्त म्हणावी लागेल.

निवड करणारे कोण?

मान देणारी संस्था प्रतिष्ठित झाली, की तिची निवड हीच गुणवत्तेची खूण समजली जाऊ लागते. म्हणून त्या निवडीचीही चिकित्सा होणे आवश्यक ठरते. ‘क्रायटेरियन’ने मायकल बे यांचा ‘आर्मागेडन’ (१९९८) हा स्फोटांनी भरलेला चित्रपट आपल्या मालिकेत घेतला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. त्याहून गंभीर आक्षेप २०२० मध्ये आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिले, की हजाराहून अधिक चित्रपटांच्या या सूचीत आफ्रिकी-अमेरिकी दिग्दर्शकांची संख्या अवघी चार आहे. संस्थेच्या प्रमुखांनी आपल्या दृष्टीतील उणीव मान्य केली. पुढच्याच वर्षी मेल्व्हिन व्हॅन पीबल्स यांच्या चार चित्रपटांचा संच निघाला. हे चित्रपट काही त्या वर्षी श्रेष्ठ झाले नव्हते. पाहणाऱ्याची नजर तेवढी बदलली होती.

भारताविषयी हेच निरीक्षण नोंदविता येईल. ‘क्रायटेरियन’च्या सूचीत राय यांचे ‘जलसाघर’, ‘चारुलता’, ‘महानगर’, ‘नायक’, ‘देवी’ आदी चित्रपट आहेत. ऋत्विक घटक यांचे ‘तिताश एकटी नदीर नाम’ आणि ‘मेघे ढाका तारा’ आहेत. मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ आहे. बंगाली चित्रपटांचे पारडे येथे उघडच जड आहे. राय-घटक यांची थोरवी निर्विवाद होय. परंतु परदेशी संपादकाच्या टेबलावर पोहोचण्यासाठी आधी कोणीतरी चित्रपट जपलेला असावा लागतो, त्याची इंग्रजी उपशीर्षके केलेली असावी लागतात, त्याविषयी लिहिलेले असावे लागते. हे ज्या भाषांच्या बाबतीत घडले नाही, त्यांतील चित्रपट स्पर्धेत उतरतच नाहीत.

यात आणखी एक विसंगती आहे. ब्लू-रे तबकड्यांसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका ‘ए’ विभागात, तर भारत ‘सी’ विभागात येतो. अमेरिकेत निघालेली ‘क्रायटेरियन’ची ब्लू-रे भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या यंत्रावर सहसा चालत नाही. संस्थेची २०१९ मध्ये सुरू झालेली इंटरनेट सेवाही अमेरिका आणि कॅनडापुरतीच मर्यादित आहे. अपूच्या सर्वोत्तम आवृत्तीपर्यंत पोहोचणे अपूच्या देशबांधवांनाच सर्वांत अवघड जाते.

आपल्या घरचा हिशेब

भारतात १९३४ पर्यंत तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच, तेही बरेचसे तुकड्यांच्या रूपात, शिल्लक आहेत. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) पहिली आणि शेवटची रिळे तेवढी उरली आहेत आणि तीही मूळ चित्रपटाची की फाळके यांनीच १९१७ मध्ये काढलेल्या नव्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तर पूर्णपणे हरवला आहे. जुन्या फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी ती भंगारात विकली जाई, हे यामागील एक कारण. नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते, हे दुसरे. त्यानंतर आलेली अ‍ॅसिटेट फिल्म पेट घेत नाही, पण दमट हवेत कुजते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. मुंबई-कोकणातील हवामान तर तिचे वैरीच.

या विनाशाला आवर घालण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या गोदामांत शिरून चित्रपट जमविले. आज जे काही पाहायला मिळते, त्यातील मोठा वाटा त्यांच्या चिकाटीचा आहे. पण जमविलेलेही सुरक्षित राहिले नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट कोठाराला आग लागली आणि अनेक दुर्मिळ रिळांची राख झाली.

डीव्हीडी आणि व्हीसीडीच्या ऐन बहराच्या काळात मराठी चित्रपटही मोठ्या संख्येने घरोघरी पोहोचले, हे खरे. मात्र त्यांतील बहुतेकांचे चित्र फिकट, ध्वनी खरखरीत आणि पडद्याच्या कोपऱ्यात विक्रेत्याचे बोधचिन्ह कायमचे चिकटलेले असे. उपलब्ध असेल त्या प्रिंटवरून काढलेली ती नक्कल होती, आवृत्ती नव्हती. स्वस्तात अधिकाधिक लोकांना चित्रपट दाखविण्याचे काम तिने केले. तरीही तिच्यामुळे चित्रपट जतन झाला, असा समज करून घेणे धोक्याचे ठरते.

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) एखादी खरीखुरी संग्राह्य आवृत्ती काढायची ठरविली, तर काय करावे लागेल, याचा विचार या संदर्भात उद्बोधक ठरेल. व्ही. दामले आणि एस. फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रशंसा झाली. त्याच्या योग्यतेविषयी प्रश्नच नाही. पण अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी प्रत कोणती, हे आधी शोधावे लागेल. देशविदेशांतील संग्रह धुंडाळून प्रती ताडून पाहाव्या लागतील. अभंगांची लय आणि अर्थ सांभाळणारी उपशीर्षके करावी लागतील. संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविलेले विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेपर्यंत कसे आले, हे सांगावे लागेल. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना लोक पुढे तुकोबांचाच अभंग समजू लागले, ही कथाही त्यात यायला हवी. यातील काहीही अशक्य कोटीतले नाही. मात्र पहिली पायरी, म्हणजे जुन्या प्रतीचा शोध, जितकी लांबेल तितके पुढचे काम अवघड होत जाईल.

आशेला जागा आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या ‘फिल्म हेरिटेज फाउंडेशन’ने गेल्या काही वर्षांत लक्षणीय काम केले आहे. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन निर्माण केलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) या संस्थेने नव्या रूपात २०२४ च्या कान महोत्सवात सादर केला. राय यांचा ‘अरण्येर दिन रात्री’ (१९७०) २०२५ मध्ये कानला झळकला. त्याच्या पुनरुज्जीवनात ‘जेनस’ आणि ‘क्रायटेरियन’ही सहभागी होत्या. त्याच वर्षी ‘शोले’ (१९७५) सेन्सॉरपूर्वीच्या मूळ शेवटासह बोलोन्यात दाखविण्यात आला. ‘शोले’ची मूळ निगेटिव्ह पार खराब झाली होती, लंडनच्या गोदामात सापडलेल्या दुय्यम प्रतींनी काम तारून नेले. गब्बरसिंगचा शेवट दिग्दर्शकाने कसा चित्रित केला होता, हे पन्नास वर्षांनी पडद्यावर दिसू शकले, ते त्या डब्यांमुळेच.

ग्राहकाने काय पाहावे?

संग्राह्य म्हणून विकली जाणारी प्रत्येक तबकडी त्या नावाला पात्र असतेच असे नाही. विकत घेण्यापूर्वी वेष्टनावरील चार गोष्टी तपासाव्यात. चित्र कोणत्या मूळ सामग्रीवरून घेतले आहे, याचा स्पष्ट उल्लेख आहे काय? चौकटीचे प्रमाण आणि लांबी मूळ चित्रपटाशी जुळते काय? उपशीर्षके नव्याने आणि जाणकाराकडून करून घेतली आहेत काय? आणि तबकडी कोणत्या विभागासाठी आहे? नुसते ‘डिजिटल’ किंवा ‘फोर-के’ हे शब्द पुरेसे नाहीत. खराब प्रिंटवरून फोर-के प्रत काढली, तर ओरखडे तेवढे अधिक स्पष्ट दिसतात.

संपादकांची आवडनिवड काळानुसार बदलते. आज दुर्लक्षित राहिलेला चित्रपट वीस वर्षांनी कोणाला तरी महत्त्वाचा वाटू शकतो. त्या दिवशी त्याची निगेटिव्ह हाती असणे, एवढीच त्याची पूर्वअट. अपूचे जळके डबे राखून ठेवणाऱ्यांना त्यांतून काय निघेल, याची कल्पना नव्हती. महाराष्ट्रात जुन्या निर्मात्यांच्या वारसांकडे, बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या माळ्यांवर, वितरकांच्या अडगळीत असे गंजके डबे आजही पडून असण्याची शक्यता आहे. ते भंगारवाल्याच्या तराजूत जाण्यापूर्वी संग्रहालयात पोहोचले, तरच त्यांच्या योग्यतेची चर्चा करण्याची संधी पुढील पिढ्यांना मिळेल.